फुकटमधला ट

— हो, तीच. माझीच मुलगी. बाहेर पाटीवर रायरीकर वाचलंस आणि ओळखलंस, होय ना? हल्ली सगळे तसंच ओळखतात. परवा तर एक जण दात दाखवायचं निमित्त काढून आला, दाताला काही झालेलंच नव्हतं त्याच्या, वल्लरीबद्दल विचारायचं होतं नुसतं. तुझं तसं नाही, तुझी दाढ खरंच किडलीय, म्हणून तुला माफ. तुला अरे-तुरे करते हं समीर, तिच्याच वयाचा असशील. आता जरा टोचेल — नाकानं श्वास घे — झालं. ओठ जड होईल, गाल जड होईल, घाबरायचं नाही. रूट कॅनाल म्हणजे काही बाऊ नाही हल्ली. आणि आता विचारलंच आहेस तर ऐक, पण मध्ये बोलू नकोस, जीभ चावशील आणि तुला कळणारही नाही. दुखलं तर डावा हात वर कर. ट्रेसीचा संकोच नको, ही माझी असिस्टंट, इथेच वेलिंग्टनजवळ लोअर हटमध्ये जन्मली, तिला मराठीतलं 'चूळ भरा' सोडून काही येत नाही. तिला वाटतंय आपण दाढेबद्दल बोलतोय.

तर पहिली गोष्ट — ती ते बोललेलीच नाही. तो शब्द म्हणतात ना, तो. ती म्हणाली 'फुकट'. क्लिप पाहिलीच असशील तू. ओहायोतलं एक गाव, शाळेचं जिम, बास्केटबॉलच्या जाळीखाली खुर्च्या मांडलेल्या, त्यांचा काँग्रेसमन आलेला लोकांचे प्रश्न ऐकायला — आपला खासदार म्हण. वल्लरी तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती — आहे, कागदोपत्री आहे अजून. तिथलं डायलिसिस बंद केलं, वरून निधी कापला म्हणून, त्यात कुणीतरी पेशंट दगावला, त्याबद्दल ही माईकपाशी उभी राहिली. बोलता बोलता आवाज चढला तिचा. तर तो म्हणतो, मॅडम, आपण जरा सभ्यपणे बोलूया का — आणि हसला. दात पांढरे करून घेतलेत त्यानं, आम्हाला लगेच कळतं ते. मग ही माईकपासून वळली, खाली बघून एक शब्द बोलली आणि निघून गेली. झालं, एवढंच. आधी केवढं बोलली होती ती, ते कुणी दाखवत नाही. दाखवायचं काय — तर वळते, बोलते, बीप. वळते, बोलते, बीप. टीव्हीवर बीप आणि फोनवर बिनबीपचं, म्हणजे ज्याला जे हवं ते.

रबर लावते आता तोंडाला. हं, असा आ ठेव. — तर फुकट. वैतागून म्हणतो ना आपण, फुकट गेलं सगळं, फुकटचा ताप, तसं. आता फुकटमधला फ बघ. शाळेत बाईंनी शिकवलं असेल तुला, ओठ मिटून म्हणायचा, फूल, फळ, फणस. पण म्हणतं कोण तसा? आपल्या पुण्यात निम्मी माणसं वरचे दात खालच्या ओठावर टेकवून फ म्हणतात, सरळ इंग्रजी एफ. मी दातांची डॉक्टर आहे, मला लोकांचं बोलणं ऐकू येण्याआधी दिसतं. मग असा दात लावलेला फ घे आणि घाईत, रागात, पुटपुटल्यासारखं फुकट म्हणून बघ — म्हणू नकोस, रबर सुटेल — मनात म्हण. काय ऐकू येतं? बस्स. हेच मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं. कुणीतरी ते पुढे ढकललं, मग इथल्या रेडिओवरच्या एका मुलीचा फोन आला, गोड बोलली, मग ऑकलंडहून आला, आणि मग काय, अमेरिका.

तुला सांगते, काय तमाशा. चार चौकोन, चार टायवाले, आणि चौघं फुकट म्हणायची प्रॅक्टिस करतायत. फू-कॅट. फुक-आट. एक भाषातज्ज्ञ आणला, त्याला मराठी येत नव्हतं, पण तो हिंदीवरून सांगत होता. एकानं विचारलं, दुसऱ्या भाषेतला निरुपद्रवी शब्द आपल्या कानाला शिवी वाटला तर तो असभ्य धरायचा का — त्यावर अर्धा तास. एका बाजूचं चॅनल म्हणतं, बाहेरून आलेल्या बायका आमच्या माणसाला शिव्या देतात, कुठे नेऊन ठेवलाय देश. आणि हेच लोक बरं का, यांच्याच बाजूचा माणूस भर सभेत विरोधकांना वाट्टेल ते बोलला तर म्हणतात, किती मोकळा स्वभाव. दुसऱ्या बाजूचे — आपल्या बाजूचे म्हणायचे ते — त्यांनी तिचा चेहरा मगवर छापला, टी-शर्टवर छापला, खाली तो शब्द, मधल्या अक्षरांच्या जागी चांदण्या. तिला विचारलं नाही, काही नाही. आणि मधले जे शहाणे असतात ना, ते हात जोडून म्हणतात, दोन्ही बाजूंनी भाषा जपायला हवी. डायलिसिस गेलं तेल लावत. ट्रेसी, सक्शन. थँक्स लव्ह.

आणि सभ्यता शिकवतायत कुणाला? वल्लरीला. अरे, इथे वेलिंग्टनला बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं असतं हे मला तिनं शिकवलं. आम्ही नवीन होतो, ती प्राथमिक शाळेत, मी आपली पिशव्या सावरत उतरले आणि ही दारातच थांबली, मागची माणसं खोळंबली, म्हणते, मम, यू डिडन्ट से इट. मला परत आत वळून म्हणायला लावलं. लाज वाटली मला तेव्हा. डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाव आणायला पाठवली तर दुकानदाराला प्लीज दोनदा म्हणायची. ती मुलगी. आणि तिला शिवराळ म्हणतात. मला ना, असं वाटतं त्या चार चौकोनांतल्या एकेकाला या खुर्चीत बसवावं आणि भूल द्यायला विसरावं. — गंमत करते. हात खाली घे. दुखलं नाही ना? मग खाली घे.

आता ऐक, पुढचं तर डोकं फिरवणारं आहे. हॉस्पिटलनं तिला आधी घरी बसवलं होतं. माझं फुकट तिकडे पोचलं तसे ते एकदम मऊ झाले. म्हणाले, उत्तम झालं, आपण एक निवेदन काढू — मातृभाषेतला शब्द होता, गैरसमज झाला, सगळ्यांच्या भावना दुखावल्या त्याबद्दल खेद आहे — खाली सही कर आणि ड्यूटीवर ये. बस्स, सही. कुणीही केली असती. तू नसती केलीस? — मान हलवू नकोस, फाइल आहे आत. आणि या बाईसाहेब काय करतात? सगळ्या जगासमोर लिहून मोकळ्या — माझ्या आईचा गैरसमज झालाय, मी मराठीत बोलले नाही, मी जे बोलले ते बोलले आणि मला तेच म्हणायचं होतं. आईचा गैरसमज. माझा. झालं, विझत आलेलं पुन्हा पेटलं, आधीपेक्षा मोठं. आता म्हणतात, मायलेकींनी मिळून बनाव रचला. नर्सिंग बोर्डाकडे तक्रार गेलीय, लायसन्स जाईल म्हणतात. मगवाले सुद्धा गप्प झाले, त्यांना आता हे अवघड जातंय. इकडे आमच्या ग्रुपवर माझी सख्खी नणंद लिहिते, प्रमोदिनी, मुलीला निदान घरात तरी वळण लावायचं होतंस. खाली हात जोडलेले. आणि ही नणंद स्वतः दिवसभर राजकारणावरून अख्ख्या सोसायटीशी भांडत असते, बरं का.

हट्टी आहे ना ती. पहिल्यापासून. मराठीत बोललं की इंग्रजीत उत्तर. जेवायला ये — नॉट हंग्री. कळतं सगळं, पण बोलायचं नाही. मी किती मागे लागले, गोष्टी सांगितल्या, सुट्टीत पुण्याला नेलं, काही नाही. इथल्या रविवारच्या बाजारात तो भाजीवाला निघता निघता कोथिंबिरीची जुडी तशीच द्यायचा, मी म्हणायची, बघ, फुकट दिली, तर ही आपली, व्हॉट कॅट? शेवटी मी पण फ्री म्हणायला लागले, किती समजावणार. परवासुद्धा, हा फुकटचा गदारोळ सुरू झाला तेव्हा तिचा पहिला फोन आला, मला वाटलं रडेल, ओरडेल, तर काही नाही, अगदी शांतपणे विचारते मला — मम, व्हॉट्स फुकट?

— ट्रेसी, कॉटन. नो, द स्मॉल वन्स.

काय बघतोस असा? दिव्याचा त्रास नको म्हणून तुला गडद चष्मा घातलाय, तर तुझे डोळे मला दिसत नाहीत असं वाटतं तुला?

बरं. हो. माहीत होतं मला. क्लिप पहिल्यांदा ऐकली तेव्हाच. तिचे दात मी ओळखते रे, तारा लावल्या होत्या मी त्यांना, खालचा एक अजून जरा तिरका आहे, मला मेलीला सरळ करता आला नाही तो. फ चा प्रश्नच नाही, फ दोन्ही शब्दांत सारखा. पण फुकटमधला ट. आपल्या ट ला जीभ वर वळते, टाळूला लागते. तिची जीभ कधी वळलीच नाही. टाटा, टोपी, टमाटा, सगळं इंग्रजी टी-नं, दातांच्या मागे हळूच टेकवून. आणि त्या क्लिपमध्ये शेवटी 'इट'मधला टी आहे. स्वच्छ टी. मराठी माणसानं नीट कान देऊन ऐकलं तर त्याला कळेल, पण मराठी माणसं माझ्याच बाजूनं होती, त्यांनी कान दिला नाही. आपल्यातलीच मुलगी, आपलाच शब्द, कित्ती छान. पुण्याहून फोन आले मला, मराठीचं नाव झालं म्हणून.

मग काय करायचं होतं मी, तू सांग? लोक तिच्या घराचा पत्ता टाकत होते फोनवर. तिच्या दाराचा फोटो. दारात तिच्या चपला, जँडल्स, इथून नेलेल्या. त्या चपला मी फोनवर बोटांनी मोठ्या करून बघितल्या. मी इथे, तेरा-चौदा तास विमानात बसायचं म्हटलं तरी कुठे पोचणार, आणि पोचून काय करणार, दारात उभी राहणार? माझ्याकडे काय होतं? एक शब्द होता, तो मी फेकला. बुडणाऱ्याला जे हाताला लागेल ते फेकतो ना आपण. आणि त्यांनी धरला पण तो. पहिल्यांदा लोक म्हणाले, अरे, बिचारी, शिवी नव्हती ती. एक दिवस का होईना, म्हणाले. मला वाटलं, सुटली. मग तिनंच सोडला तो. तिला तो शब्दच हवा होता, तिचा स्वतःचा. असभ्य तर असभ्य. मला म्हणाली — शेवटचं बोलली ती माझ्याशी तेव्हा — म्हणाली, तिथे सगळे मला खोटं पाडत होते, आणि तू खरं काय ते माहीत असून मला खोटं पाडलंस. इंग्रजीत म्हणाली, मराठीत तितकं लागत नाही. नाही, लागतं.

त्यानंतर माझा फोन घेत नाही. दीनानाथांचा घेते, आमच्या ह्यांचा. तिचा फोन आला की हे उठतात, लॉन्ड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत जातात, दार लावतात आणि ड्रायर सुरू करतात. रिकामा ड्रायर. मला ऐकू येऊ नये म्हणून. आयुष्यात कधी या माणसानं ड्रायर लावला नव्हता. मी बाहेर उभी असते, गरम हवेचा वास येतो दाराच्या फटीतून. मग बाहेर येतात आणि म्हणतात, बरी आहे. एवढंच. काय म्हणाली, विचारलं तर म्हणतात, तुझ्याबद्दल काही नाही. मला सांग, हे सांत्वन समजायचं का? चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली आणि आता आम्ही दोघं एका घरात दोन पार्ट्यांसारखे राहतो. ते बातम्या लावत नाहीत. मी लावते. बंद करवत नाही मला. सकाळी उठले की आधी तिचं नाव टाकते आणि बघते, रात्रीत काय काय म्हणाले ते. एखाद दिवशी काही नसतं. तर बरं वाटायला हवं ना? मला बरं वाटत नाही. वाटतं, विसरले वाटतं तिला. तुला कळतंय का मी काय म्हणतेय? माझ्या मुलीला चघळत नाहीयेत म्हणून मला रितं रितं वाटतं. हे असं व्हायला लागलंय माझं.

जरा आ मोठा कर. हं. नस निघाली, आता भरायचं फक्त.

आणि आज एक वाजता मला बोलावलंय. तिकडे रात्रीचे नऊ, त्यांचा सगळ्यात मोठा कार्यक्रम. आपल्या बाजूचंच चॅनल आहे. मागच्या खोलीत, एक्स-रेच्या शेजारी, लॅपटॉप लावून ठेवलाय, मागे पांढरी भिंत हवी म्हणाले. फोनवरची ती मुलगी म्हणते, तुम्ही काही तयारी करू नका, फक्त आई म्हणून या, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबवू नका. आणि सुरुवातीला तो शब्द एकदा नीट म्हणून दाखवा, आमच्या प्रेक्षकांना तो आवडतो. मी हो म्हणून बसले. का म्हटलं? कारण मला वाटतं, एकदा, एकदाच जर नीट सांगता आलं, की कशी मुलगी आहे ती, बसच्या ड्रायव्हरचं सांगितलं, तर बोर्डावरचं कुणीतरी बघेल, कुणालातरी कळेल. तू हसत नाहीयेस ना? ओठ वाकडा दिसतोय, भुलीमुळे असेल.

काल रात्री जेवताना ह्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढे ठेवला. वल्लरीचा मेसेज, मला दाखवायला सांगून पाठवलेला. मराठीत. म्हणजे अक्षरं इंग्रजी, पण मराठी. आई नको जाऊ. गेलीस तर मी नाही बोलणार परत कधी. एवढंच. तिनं आयुष्यात मला मराठीत लिहिलेलं पहिलं वाक्य हे. कुठून आणलं असेल रे? कुणाला विचारून लिहिलं, की होतंच तिच्यात? मी ते वाचत बसले, अर्थ लागायच्या आधी चुका शोधत बसले, एकही नव्हती. ताट तसंच राहिलं. मग मी ह्यांना म्हटलं, सांगा तिला, मी जाणार नाही. आणि सकाळी इथे येऊन लॅपटॉप लावला. आता हे कसं झालं ते मला विचारू नकोस. नाही गेले तर रिकामी खुर्ची दाखवतात म्हणे, आणि त्यावर बोलतात. गेले तर ही जाते. म्हणजे मी काय करायचं, सांग — नको, सांगू नकोस, सिमेंट ओलं आहे.

झालं. रबर काढते. मिट तोंड, सावकाश. या निळ्या कागदावर चाव बघू. पुन्हा. उंच लागतंय? लागणार नाही. आता बोल हवं तर, पण ओठ बधिर आहे, शब्द वाकडे येतील. काय? कसली पेशन? — पेशंट. कुठला पेशंट, मला आज तूच शेवटचा — अच्छा. तो. डायलिसिसवाला. त्याचं काय? कोण होता?

होतं कुणीतरी. वयस्कर असेल, डायलिसिसला बहुतेक वयस्करच असतात. का बाई होती? वल्लरीनं नाव घेतलं होतं बहुतेक माईकवर. ते अख्खं रेकॉर्डिंग आहे म्हणे कुठेतरी, त्यात असेल. मी ते — मी शेवटचंच बघितलं. तेच पुन्हा पुन्हा बघितलं, दात बघत, जीभ बघत. आधीचं नाही बघितलं मी. फोनवर सांगायला लागली होती काहीतरी, मी म्हटलं, ते राहू दे आता, आधी तू हे म्हणालीस की ते म्हणालीस एवढं सांग. ह्यांना माहीत असेल. ह्यांनी विचारलं असेल तिला, ड्रायर लावून. मला कुणी विचारलं नाही अजून. चॅनलवाल्यांनी नाही, ग्रुपवर नाही. तू पहिला.

— नथिंग, ट्रेसी, आय'म फाइन. यू गो फॉर लंच.

चूळ भर. थुंक. त्या बाजूनं दोन तास काही खाऊ नकोस, गरम काही पिऊ नकोस, भाजलं तरी कळणार नाही. दुखलं तर पॅनाडॉल घे. पुढची तारीख बाहेर देतील, कॅप बसवायचीय. नाही, आता मला वेळ नाही समीर, त्यांनी पाच मिनिटं आधी बसायला सांगितलंय, लाइट बघायचा असतो त्यांना. काय म्हणालास? — ओठ बधिर आहे तुझा, मला काही कळलं नाही. जाताना दार ओढून घे.